दिसत नाही म्हणून सांगते

१२ जून

सूनबाई,

तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो, कारण उलट काही असलं तरी कळवायची तुझी सवय नाही.

दुकानातच बसून लिहितोय, फ्रेमच्या काचा कापायच्या टेबलावर. फोन करायचा नाही असं आपलं ठरलंय आणि मला ते पटलंय. माझा आवाज ऐकला की पोरगी फोनला चिकटते, हमसून हमसून रडते आणि मग दोन-दोन दिवस धड जेवत नाही. असला फोन काय चाटायचाय? तिकडे रुळेपर्यंत तिला त्रास नको. पण पत्राला आवाज नसतो, तेव्हा पत्राला बंदी नसावी.

एक काम सांगतो. टकळी काय काय बोलते ते मला लिहून पाठव. वजन किती, उंची किती, दूध पिते का, हे नको. ते चिरंजीव कळवतील, त्यांना आकडे आवडतात. तू बोलणं लिही, जसंच्या तसं. चुकीचं बोलली तर चुकीचंच लिही, सुधारू नकोस.

टकळी हे नाव तुझ्या सासूबाईंनी ठेवलं, तुला आठवत असेल. तुम्ही दोघं तिकडे नोकरीत पाय रोवत होतात आणि ही वर्षाची पण झाली नव्हती, आमच्या ओटीत आली. सासूबाईंची नजर जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. नजर गेल्यापासून मला बोलत काम करायची सवय लागली. त्या भिंतीलगतच्या बाकावर बसायच्या आणि मी सांगत सुटायचो. आता पट्टी कापतोय. आता काच पुसतोय. आता एक लग्नाचा फोटो आलाय, नवरा घाबरलाय, नवरीने मात्र जग जिंकलंय. मग त्या विचारायच्या, मागचा पडदा कुठल्या रंगाचा? मी सांगायचो, निळा. कसला निळा? मग मला पुन्हा चष्मा लावून बघावं लागायचं. सबंध गावात एवढं बारकाईने फोटो बघणारा फ्रेमवाला दुसरा नसेल, आणि त्याचं श्रेय डोळे नसलेल्या बाईला.

टकळी टेबलाखाली बसून हे ऐकत मोठी झाली. तिला वाटायचं, दुकान असंच चालवतात. दोन वर्षांची झाली तशी तीच सांगायला लागली. ‘आजी, आता आजोबा शिंकले.’ ‘अगं बयो, ते मला ऐकू आलं!’ ‘आता रुमाल शोधतायत. नाही सापडत. आता बाहीला पुसलं.’ माझी अब्रू अशी दिवसभर चव्हाट्यावर. तोंडाला म्हणून विश्रांती नाही, म्हणून टकळी.

सासूबाई गेल्या आणि नंतर लगेच तुम्ही तिला नेलीत. बरोबरच केलंत, पोर आईबापांजवळच हवी. पण दुकान गप्प झालंय गं. काल एका गिऱ्हाईकाने विचारलं, ‘काका, घसा बसलाय का?’ म्हटलं, घसा ठीक आहे, ऐकणारे गेले.

टेबलाखाली तिने पट्ट्यांच्या कोपऱ्यांचे नमुने मांडून ठेवलेत. सोनेरी म्हणजे आई, काळा म्हणजे बाबा, एक तुटका आहे तो मी. केर काढताना मी तिथे झाडू घालत नाही.

पत्र पाठव. लवकर.

आजोबा (तुझे बाबा)


३ जुलै

ती. बाबा,

नमस्कार, आणि उशिराबद्दल आधीच कान धरते. कामाचा असा ढीग पडलाय की विचारू नका.

तुम्हाला मागे सांगितलं तशी मी दातांच्या कारखान्यात लागलेय. कारखाना म्हणजे चार टेबलं आणि एक भट्टी. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे येतात, त्यावर मेण लावायचं आणि एकेक दात बसवायचा. दिवसभर माझ्यासमोर पंधरा-वीस कवळ्या दात विचकून हसत असतात. आमचे मालक म्हणतात, या गावातले म्हातारे हसतात ते तुझ्या हातचं हसतात. पगार वाढवा म्हटलं की मात्र तेच तोंड मिटतात.

टकळी छान आहे. रमलीय. घराजवळच्या बालवर्गात जाते, वर्गात खूप खेळणी आहेत, बाई प्रेमळ आहेत. सकाळी हे सोडतात, दुपारी मी आणते. हे अजून लिफ्ट दुरुस्तीच्याच कामावर आहेत, दिवसातून दहा वेळा वर-खाली, तरी बढती नाही असा त्यांचाच विनोद.

शाळेत एक सल्लागार बाई आहेत. त्या म्हणाल्या, मूल लवकर रुळायला हवं असेल तर घरीसुद्धा इकडच्याच भाषेत बोला, दोन भाषांनी डोक्यात गोंधळ होतो. म्हणून महिनाभर आम्ही घरी इकडचीच भाषा बोलतोय. थोडं विचित्र वाटतं, पण होईल सवय. तुम्हाला कळवावं म्हणून लिहिलं. वाईट वाटून घेऊ नका हं. शाळा सुरळीत झाली की आपली भाषा कुठे पळून जातेय?

तिचं बोलणं लिही म्हणालात. अहो, तिला फुरसत कुठे असते! सारखं खेळ, चित्रं, पळापळ. पुढच्या वेळी आठवणीने लिहीन. फोटो पाठवतेय, चांगल्या पट्टीत बसवा.

तब्येतीला जपा. डाव्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आणा, उगीच चालढकल करू नका.

तुमची सून


२२ जुलै

सूनबाई,

फोटो मिळाले. सगळे बसवले, अक्रोडाच्या रंगाच्या पट्टीत, दुकानाच्या आतल्या भिंतीवर लावले. तेल आणलं, गुडघा म्हणतो आभारी आहे.

आधी भाषेचं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, मग मी तिच्याशी बोलणार कशात? खुणा करणार? पण तिच्या भल्याचं असेल तर माझ्या वाटण्याला काय अर्थ. औषधाच्या दुकानातल्या बाई तिकडे दोन वर्षं राहून आल्यात, त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, मला शिकवा. त्यांनी रंग शिकवले आणि दार, खिडकी, टेबल. या वयात जीभ काही वळत नाही. ‘खिडकी’ म्हणायला गेलो तर त्या इतक्या हसल्या की काउंटरला टेकल्या. नक्की काय बोललो ते काही सांगेनात. तरी मी सोडणार नाही.

आता एक विचारतो, रागावू नकोस. माझा जन्म फोटो बघण्यात गेलाय. टकळीचे आधीचे फोटो माझ्याकडे आहेत, त्यात एकाही फोटोत तिचं तोंड मिटलेलं नाही. फोटोवाला ‘हस’ म्हणायचा तेव्हा ही त्याला काहीतरी सांगत असायची. ओठ नेहमी हललेले, म्हणून तोंडापाशी फोटो जरा पुसट. तू पाठवलेले सगळे फोटो तोंडापाशी स्वच्छ आहेत. घसरगुंडीवर मिटलेलं, बाकावर मिटलेलं, तुझ्या मांडीवर मिटलेलं.

आणि तुझ्या पत्रात तिचं एकही वाक्य नाही. फुरसत नसायला ती काय मंत्री आहे?

काय झालंय ते सांग. मी घाबरट माणूस नाही, न कळण्याला मात्र घाबरतो.

बाबा


२ सप्टेंबर

ती. बाबा,

तुमचं पत्र इतके दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. उत्तर लिहायला घ्यायची आणि हात थांबायचा. आज लिहितेच.

ती बोलत नाही.

शाळेत पहिल्या दिवसापासून एक शब्द नाही. ते ठीक होतं, नवी जागा, नवे लोक. पण घरी बोलायची ना! आल्या आल्या बुटांसकट सगळं सांगायची. मग आम्ही आपली भाषा बंद केली. ती काही बोलली की हे इकडच्या भाषेत उत्तर द्यायचे, किंवा ‘असं नाही, असं म्हण’ म्हणायचे. आधी ती हसायची, तिला खेळ वाटला. मग चिडायला लागली, मग बोटाने दाखवायला लागली. आता पाणी हवं असलं तर स्वतः स्टूल ओढून घेते. बाबा, ती भांडतसुद्धा नाही. मूल भांडत नाही हे किती वाईट असतं ते मला आता कळतंय.

आणि माझं सांगू? मला इकडच्या भाषेत काय येतं? ये, बस, खा, हात धू, उशीर झाला. कामावर मेण, साचा, दाढ एवढं येतं. लेकीचे लाड करायला मला या भाषेत शब्दच नाहीत. तिला कुशीत घेते आणि गप्प बसते. ज्या भाषेत मला नीट रागावतासुद्धा येत नाही, त्या भाषेत मी आई कशी होऊ?

गेल्या महिन्यात सल्लागार बाईंनी तिची परीक्षा घेतली. चित्रं दाखवायची आणि मुलीने सांगायचं. मी शेजारी बसले होते, पण मला बोलायची परवानगी नव्हती. एका चित्रात पावसात उभा असलेला मुलगा होता, वाऱ्याने छत्री उलटी झालेली. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, आपल्या भाषेत, ‘त्याची छत्री उलटी झाली तरी तो हसतोय. म्हणजे त्याला भिजायचंच होतं.’ मला वाटलं उठून नाचावं. बाईंनी कागदावर शून्य लिहिलं. त्या भाषेतलं बोलणं धरायचं नाही असा नियम आहे म्हणे. त्यानंतर तिने तोंड उघडलं नाही.

आता त्यांचं म्हणणं, हिची समजही कमी आहे. हिवाळ्याच्या सुट्टीच्या आधी एक बैठक आहे, त्यात ठरेल. फरक पडला नाही तर तिला दुसऱ्या शाळेत घालायचं, मागे पडलेल्या मुलांच्या. बसने तासभर लांब. बाबा, तिथे एकदा गेलं मूल की परत या शाळेत येणं अवघड, असं सगळे सांगतात.

हे म्हणतात, आपण पुरेसे कडक नाही. घरात एकही शब्द आपला नको. आणि परवा रागात बोलून गेले, ‘बाबांनीच तिला त्या बोलण्यात इतकी मुरवली की दुसरं काही शिरतच नाही.’ तुमच्यापासून हे लपवायला हवं होतं. पण लपवून लपवूनच इथवर आलंय ना सगळं.

मला काही सुचत नाही.

तुमची सून


१४ सप्टेंबर

सूनबाई,

पत्र पोचलं.

चिरंजीवांवर रागावू नकोस. बाप घाबरला की असाच बोलतो, मीही बोललोय. आणि कोण जाणे, त्याचं खरंही असेल. मी कुठे शिकलेला? मला वाटलं, पोरीच्या कानावर चार शब्द पडतायत, बरंच आहे. भरतच राहिलो. दुसऱ्या कशाला जागा ठेवावी हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तर असं करू. तिच्यासमोर माझं नाव नको, माझा फोटो असेल तर आत ठेव. मी पत्र पाठवणार नाही, तूही सवडीने चार महिन्यांनी खुशाली कळव. माझ्याशी बोलता आलं नाही तरी चालेल. तिला जगाशी बोलता आलं पाहिजे. माझं आयुष्य आता किती, तिचं अजून सगळं व्हायचंय.

औषधवाल्या बाईंकडे जाणं थांबवलं. नुसत्या ‘खिडकी’वर काय भागणार.

तिची आठवण येते हे एकदा लिहू दे, मग नाही लिहिणार. फार येते. दुकानाचं दार उघडताना अजून तोंडातून निघतं, ‘आता कुलूप काढतोय’. मग लक्षात येतं.

बाबा


७ ऑक्टोबर

बाबा,

खबरदार पत्र बंद केलंत तर! तुमच्या सुनेने तुम्हाला अशी दमदाटी केली म्हणून सांगा खुशाल सगळ्यांना. आधी हे नीट बसून वाचा.

मागच्या शनिवारी काम खूप होतं म्हणून मी दोन साचे घरी आणले होते. जेवायच्या टेबलावर मांडले आणि कपडे वाळत घालायला मागे गेले. परत आले तर टकळी दिसेना, आणि साचेही नाहीत. माझा जीव वरखाली, कोणाच्या तरी तोंडाचा प्रश्न! तेवढ्यात टेबलाखालून पुटपुटणं ऐकू आलं. मी दाराआडच थांबले.

बाबा, ती आपल्या भाषेत बोलत होती. अगदी हळू, पण न थांबता. जसंच्या तसं लिहिते, तुम्ही मागितलं होतंत: ‘आता एक तोंड आलंय. हे म्हाताऱ्या माणसाचं आहे. याचे पुढचे दात रुसून गेलेत. मागचा एकटाच बसलाय, त्याला करमत नाही. थांब, आता मी पुसते. आता पुसलं. आजी, याचा रंग पांढरा आहे, पण दुधासारखा नाही, खडूसारखा.’

कसला पांढरा, हे सांगितल्याशिवाय तिने सोडलं नाही.

मी तिथेच दाराशी बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. पदर कुठला, ओला टॉवेल होता हातात, तोच. मी दिसले तशी ती गप्प झाली आणि दोन्ही साचे मागे लपवले. चोरी पकडल्यासारखी बघत होती. पोटच्या पोरीला बोलण्याची चोरी वाटावी, असं केलं आम्ही. मी टेबलाखाली शिरले. जागा पुरेना, डोकं आपटलं. आपल्या भाषेत म्हटलं, ‘या दाताचं नाव काय गं?’ तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणजे, आई, असं बोलू नकोस, बाबा रागावतील. आई शप्पथ, मला तिथेच मरावंसं वाटलं.

यांना सांगितलं तर विश्वास बसेना. रविवारी मुद्दाम साचे टेबलाखाली ठेवले आणि दोघं दाराआड उभे राहिलो. हे ऐकत राहिले. मग जिन्यात जाऊन बसले. तासाभराने आले ते डोळे सुजवून. म्हणाले, ‘हे बाबांचं दुकान आहे.’

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. तिथे मुलांच्या बोलण्यावर उपचार करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुम्ही दोघं भांडता कुठल्या भाषेत?’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हे म्हणाले, आमच्याच. ‘मग मुलीशी त्याच भाषेत बोला. जी भाषा तुमच्या तोंडून आपोआप येते तीच तिला द्या.’

त्यांनी पुन्हा तीच चित्रं दाखवली, पण या वेळी मला दुभाषी केलं आणि दोन्हीकडचे शब्द धरले. टकळी आधी नुसती बघत बसली. उलटी छत्री आली तेव्हा मात्र तिने माझी बाही ओढून कानात सगळं सांगितलं, आणि मी त्या बाईंना. त्या म्हणाल्या, समज कमी म्हणे? या वयाची मुलं चित्रात काय आहे ते सांगतात, ही तर त्या मुलाच्या मनात काय चाललंय ते सांगतेय. दोन भाषांच्या मुलाचे एकाच भाषेतले शब्द मोजायचे म्हणजे दोन खिशांपैकी एकच चाचपायचा आणि पोरगं रिकामं आहे म्हणायचं. नव्या भाषेत पडलेली मुलं कधी कधी कितीतरी महिने गप्प राहतात, म्हणाल्या. ऐकत असतात, साठवत असतात. त्या काळात घरची भाषाही काढून घेतली तर ती उभी कुठे राहणार?

मी विचारलं, मग दोन भाषांची मुलं जास्त हुशार होतात का? त्या हसल्या. म्हणाल्या, तसलं काही मी कबूल करणार नाही. एका भाषेची मुलंही छान वाढतात, दोन भाषांचीही. कोणीतरी त्यांच्याशी भरपूर बोलायला हवं, बस. आणि मग विचारलं, ‘हिच्याशी एवढं कोण बोलत होतं?’

मी तुमचं सगळं सांगितलं. बाक, टेबल, फोटो, सासूबाई. त्या लिहीत होत्या, मध्येच लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, बोलायला शिकवण्यासाठी आम्ही आईबापांना जे करायला सांगतो ते हेच. या आजोबांना बंद कशाला केलंत?

बैठकीला त्या स्वतः येणार आहेत. पुढचं काही सांगता येत नाही, सल्लागार बाई हट्टी आहेत. टकळी अजून आमच्याशी बोलत नाही. आमच्यावरचा तिचा विश्वास उडालाय, तो काही मागून मिळणार नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय. फोनची मला अजून धास्ती आहे, पण पत्र मी वाचून दाखवीन. मला नको, तिला लिहा. दुकानात कोणाचा फोटो आला ते लिहा.

तुमचे चिरंजीव सांगतात, बाबांना म्हणावं मी चुकलो. मी म्हटलं, स्वतः लिहा. बसलेत कागद घेऊन, ‘ती. बाबा’च्या पुढे जात नाहीत.

तुमची सून


२१ ऑक्टोबर

टकळे,

आता कुलूप काढतोय. आता दार उघडलं. कुरकुरलं, ते तुला ऐकू येणार नाही म्हणून सांगतो. आता चष्मा शोधतोय. नाही सापडत. हां, कपाळावरच होता.

आता एक फोटो आलाय. मोठा आहे, जुना आहे, कडा पिवळ्या पडल्यात. सहलीचा आहे. बरीच माणसं गवतावर बसलीत. पुढे एक जाडे गृहस्थ आहेत, त्यांनी पोट आत ओढलंय, पण शर्टाचं बटण कबूल करत नाही. त्यांच्या शेजारी दोन बहिणी आहेत. दोघींनी सारखे कपडे घातलेत आणि दोघींना ते आवडलेलं नाही. एका बाळाचा बूट पडलाय, कोणाचं लक्ष नाही. मागे एक कुत्रं आहे, ते हललंय, म्हणून त्याला दोन शेपट्या आल्यात. गवत हिरवं नाही, कारण फोटो काळापांढरा आहे. पण काळा म्हणजे शाईसारखा नाही, चहासारखा.

सगळी माणसं समोर बघतायत. एकच बाई, अगदी कडेची, ती बाजूला बघतेय. कशाकडे बघतेय ते मला कळत नाही. आजी असती तर तिने बरोबर ओळखलं असतं. भिंग लावून पाहिलं, तरी नाही. तुला कळलं तर सांग. घाई नाही. फोटो गिऱ्हाईकाला दिला तरी मी लक्षात ठेवीन.

टेबलाखालची तुझी मंडळी आहेत तशीच आहेत. सोनेरी आई जरा कलली होती, तिला काळ्या बाबाला टेकवून बसवलंय. तुटक्याला काही झालेलं नाही, तो मजबूत आहे.

मी आता पुन्हा बोलत काम करतो. काल एक गिऱ्हाईक मागे वळून बघायला लागलं, कोणाशी बोलतोय म्हणून. म्हटलं, नात आहे, जरा लांब बसलीय.

आता पट्टी कापतोय. आता काच पुसतोय.

आजोबा

(सूनबाई, चिरंजीवांना सांग, ‘ती. बाबा’ एवढं लिहिलं असेल तर तेवढंच पाठव. मला पुरे आहे.)


१९ नोव्हेंबर

ती. बाबा,

पत्र मी टेबलाखाली बसूनच वाचलं. अंग चोरून बसले, पाठीचं पार भजं झालं. ती ऐकत होती, चेहऱ्यावर काही नाही. वाचून झालं तशी तिने कागद माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत माझ्या हातात कोंबला. म्हणजे पुन्हा वाच. त्या आठवड्यात मी ते इतक्यांदा वाचलं की यांनाही पाठ झालं. दात घासताना म्हणतात, शर्टाचं बटण कबूल करत नाही.

मग परवा शाळेतून निघताना तिच्या वर्गाच्या बाई मला बाजूला घेऊन गेल्या. म्हटलं, आता काय. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘मला माहीत नव्हतं हो. मुलीच्या आजोबांना दिसत नाही, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं.’

मी म्हटलं, कोणाला दिसत नाही? आमच्या बाबांना? अहो, ते मुंगीच्या मिशा मोजतात!

तर त्या म्हणाल्या, चित्रांच्या तासाला टकळी एका माणसाचं चित्र काढत होती. त्यांनी सवयीने विचारलं, हे कोण? उत्तराची आशाच नव्हती. आणि बाबा, ती बोलली! इकडच्या भाषेत. वर्गातलं तिचं पहिलं वाक्य. ‘हे आजोबा. त्यांना दिसत नाही, मी सांगते.’ बाईंचे डोळे भरून आले होते, माझेही. त्या टकळीच्या आंधळ्या आजोबांसाठी रडत होत्या, मी कशासाठी ते त्यांना कुठे समजावू!

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, आपल्या भाषेत, ‘अगं, आजोबांना दिसतं की. दिसत नव्हतं ते आजीला.’ ती इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्यावर खेकसली. ‘इथलं कुठे दिसतं त्यांना?’

आणि मग म्हणाली, ‘लिही.’

बैठकीचं आधी सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगलेला राहणार नाही. काल झाली. दवाखान्यातल्या बाई अर्धा तास बोलल्या, वर्गाच्या बाईंनी ते एक वाक्य सांगितलं. सल्लागार बाईंनी शाळेचं वर्ष संपेपर्यंत थांबायचं कबूल केलंय. ती याच शाळेत आहे. पुढचं पुढे.

यांचा कागद सोबत आहे. दोन ओळी झाल्यात. खाडाखोड जास्त आहे, पण तीही वाचा.

आता तिचं. मी एक शब्द सुधारलेला नाही.

‘आजोबा, मी खुर्चीवर उभी आहे. आई म्हणते उतर, पण उतरले तर खिडकी दिसणार नाही. खाली एक माणूस कुत्र्याला ओढतोय. नाही, कुत्राच त्याला ओढतोय. आता बस आली. एक बाई पळतेय. गेली बस. बाई रागावली. आता ती चालत चाललीय. आकाश पांढरं आहे, पण खडूसारखं नाही, दातासारखं. बाबा दाराशी उभे आहेत, त्यांना वाटतं मला दिसत नाहीत. आता आई रडतेय, पण तिला काही लागलेलं नाही, लिहितेय ती. तुमच्या फोटोतल्या बाईचं मला कळलं. ती फोटोच्या बाहेर बघतेय. तिचं माणूस फोटोत आलेलं नाही, ते लांब आहे, म्हणून ती तिकडे बघतेय. आता मी उतरते. आता उतरले. संपलं. आता तुम्ही सांगा, आजोबा. मला पण इथून दिसत नाही.’